स्वच्छ प्रत

अंतराळावरची जुनी मासिकं जमवणाऱ्यांत दोन जाती असतात. मिळालं तसं कपाटात कोंबणारे, आणि माझ्यासारखे. आम्ही अंक घरी आणला की आधी त्याला माणसांत आणतो. पावाचा मऊ गाभा पानांवर हलक्या हाताने फिरवला की वरवरचा मळ उठतो. बोटांचे तेलकट डाग असतील तर खडूची बारीक पूड, वर टीपकागद, त्यावर इस्त्री. कडांवरून पिळून घेतलेला स्पिरिटचा बोळा. चिकटवलेल्या चिठ्ठ्या असतील तर त्या किटलीच्या वाफेवर धरून सोडवायच्या. एका अंकाला दोन दुपारी सहज जातात. मिरजेच्या कॉलेजात बत्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून मी दुसऱ्यांच्या पुस्तकांवर शिक्के मारले आणि निवृत्त झाल्यावर घरी शिक्के काढत बसलो. माझी बायको वृषाली याला खूळ म्हणायची, पण कापसाला जोड म्हणून धुवट सुती साडीचे तुकडे तीच कापून द्यायची.

माझ्या संग्रहातला सगळ्यात चांगला भाग जतच्या पुढच्या माळावरून आला. तिथे एका खासगी कंपनीचा कारखाना होता. उपग्रह कक्षेत पोचल्यावर त्याला इकडेतिकडे वळायला बारकी इंजिनं लागतात. त्यांत हायड्रॅझिन नावाचं इंधन भरायचं काम तिथे चाले. इंधन जहरी आणि भडकू. त्यामुळे आत मोबाइल न्यायचा नाही, घड्याळ न्यायचं नाही, बॅटरीवर चालणारी कुठलीच वस्तू न्यायची नाही. टाकी भरताना मधे तीन-तीन तास नुसतं बसून राहावं लागे, तेव्हा पोरांनी करायचं काय? म्हणून व्यवस्थापनाने परदेशी मासिकं लावली, चक्क छापील कागदाची, ज्या काळात छापील मासिक ही श्रीमंतांची हौस झाली होती त्या काळात. प्रत्येक अंकावर एक फिरती चिठ्ठी चिकटवलेली असे. तिच्यावर वीस जणांची नावं. वाचायचा, सही करायची, तारीख टाकायची, पुढच्याला द्यायचा.

वृषालीचा धाकटा भाऊ भरत चौगुले तिथे टेक्निशियन होता, २०३१ ते २०३४. सदतीस साली कारखाना बंद पडला आणि तिथलं वाचनालय रद्दीत निघालं. ही बातमी मला त्यानेच दिली. "दाजी, पळा," तो फोनवर म्हणाला. "दोन गोणी भरून चंद्र-मंगळ चाललेत इलाहीच्या दुकानात. पुड्या बांधायच्या आत उचला." मी उचलले. दोनशे चौदा अंक होते. त्या संध्याकाळी भरत घरी आला, आम्ही दोघे जमिनीवर बसून एकेक अंक बघत होतो आणि वृषाली दोनदा जेवायला बोलवून कंटाळली.

शनीचा विशेषांक हाती आला तेव्हा त्याच्यावरच्या चिठ्ठीत मला 'भ. चौ.' अशी सही दिसली होती. मी हसलो होतो. नंतर ती चिठ्ठी मीच वाफेवर धरून काढली आणि केराच्या टोपलीत टाकली.

आता स्पर्शवाचनाबद्दल सांगायला हवं. आपण पान उलटतो तेव्हा बोटाच्या कातडीचे न दिसणारे कण कागदावर राहतात. त्यांत प्रथिनं असतात, आणि प्रथिनं फार चिवट. कोरड्या कागदावर ती शेकडो वर्षं टिकतात. मऊ प्लास्टिकची एक फीत ओलसर करून पानावर ठेवली की ती कण उचलून घेते, पानाला ओरखडाही येत नाही. मग यंत्रात त्या प्रथिनांचे तुकडे एकेक करून तोलतात. माणसामाणसाच्या प्रथिनांत बारीक फरक असतात, त्यावरून बोट कुणाचं ते कळतं. काळ जातो तशी प्रथिनं ठरावीक गतीने बदलतात, त्यावरून साल कळतं. आणि त्या माणसाच्या अंगात औषध, रोग किंवा विष असेल तर त्याचीही खूण त्या तुकड्यांच्या वजनात सापडते. हे सगळं पूर्वीही थोडंफार जमत होतं. २०४० नंतर ते यंत्र टेबलावर मावण्याइतकं लहान झालं आणि मग ते सगळीकडे दिसू लागलं.

त्यानंतर जुन्या पुस्तकांच्या धंद्याचे बारा वाजले. विमा कंपन्या माणसाची विकलेली पुस्तकं शोधून काढू लागल्या, वीस वर्षांपूर्वी त्याला काय होत होतं ते बघायला. कोल्हापुरात एक लग्न मोडलं, कारण वधूच्या वडिलांनी वराच्या गाइडबुकावर फीत ठेवली. लोक पुस्तकं विकण्याआधी जाळू लागले. ग्रंथालयांत हातमोजे आले. संग्राहकांच्या गटात नुसती बोंबाबोंब चालली होती आणि मी मात्र मिशीतल्या मिशीत हसत होतो. मी लिहिलंसुद्धा तिथे, "आमच्याकडे या, आमचे अंक धुतल्या तांदळासारखे आहेत." ते वाक्य अजून तिथे आहे. मला ते काढता येत नाही, कारण लोकांनी त्याला शाबासकी दिली आहे.

त्रेचाळीसच्या दिवाळीत भरतचे डोळे पिवळे दिसले. तपासण्या झाल्या. यकृत जवळजवळ सगळं निबर झालं होतं, आणि त्याने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. दोन महिन्यांत कळलं की त्या कारखान्यातले आणखी तेराजण असेच आजारी आहेत. यकृत नव्याने वाढवणारं एक इंजेक्शन तेव्हा नुकतं आलं होतं. ते फार थोडं बनायचं. सरकारने ठरवलं की औद्योगिक विषबाधा सिद्ध झालेल्यांना ते आधी द्यायचं, त्यासाठी समिती नेमली आणि एकतीस मार्च ही शेवटची तारीख दिली. कंपनीने सांगितलं की गळती एकदाच झाली, छत्तीस साली. आणि नोंदवह्या? त्या कारखाना बंद होताना गहाळ झाल्या.

भरत चौतीस सालीच नोकरी सोडून आला होता. म्हणजे कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्याला काही होऊच शकत नव्हतं.

"दाजी," तो एके सकाळी आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "ती मासिकं हायत न्हवं तुमच्याकडं? टाकी भरून झाली की आमी मोजे काढायचो आणि हात न धुताच वाचत बसायचो. झडपेतनं वास यायचा, अमोनियावानी. रोजचा. त्या पानांवर आमची बोटं असणार की. तारखेसकट."

वृषालीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर इतका आनंद मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "अहो, ऐकलंत का? कपाटात भरतचा जीव आहे!"

मी म्हणालो, "हो, बघूया." त्याच क्षणी मला सगळं कळलं होतं.

पुण्याच्या एका संस्थेतल्या डॉ. मृण्मयी सोहोनी हे काम फुकट करायला तयार झाल्या. तरुण, पटापट बोलणाऱ्या, मनाने चांगल्या. आम्ही दोनशे चौदा अंक खोक्यांत भरून नेले. पहिल्याच खोक्यातला अंक त्यांनी उघडला आणि त्या थबकल्या.

"काका, हे फारच कोरे दिसतायत. कुणी पुसलेत का?"

"थोडेफार झटकले असतील," मी म्हणालो.

वृषाली शेजारीच होती. परतीच्या गाडीत कराड येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग तिने विचारलं, "किती राहिलेत पुसायचे?"

"एकतीस."

"कुठले?"

मी सांगितलं. मी चांगल्यापासून सुरुवात केली होती. शनी, गुरूचे चंद्र, धूमकेतूवर उतरलेली यानं, मोठाली रंगीत चित्रं असलेले अंक पहिल्या वर्षातच झाले. शेवटी उरले ते रुक्ष. झडपांचे तक्ते, बाजाराचे अंदाज, व्यवस्थापन. त्यातले सत्तावीस पस्तीस-छत्तीस सालचे आणि चार तेहतीसचे.

"म्हणजे त्या चारांत असला तर भरत आहे," ती म्हणाली. "माझ्याच साड्यांचे तुकडे होते ना ते?"

मी हो म्हणालो.

पंधरा दिवसांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पुसलेल्या एकशे त्र्याऐंशी अंकांवर पाव, खडू आणि माझी स्वतःची बोटं सापडली. बाकी कुणीही नाही. न पुसलेल्या एकतीसमध्ये मात्र आठजण स्वच्छ सापडले, तारखांसकट, अंगात हायड्रॅझिनच्या खुणांसकट. तेहतीस सालीही गळती होती हे सिद्ध झालं. त्या चारही अंकांच्या चिठ्ठ्यांवर भरतची सही होती.

"पण आतल्या एकाही पानावर ते नाहीत," त्या म्हणाल्या. "सही केलेल्या जागी खूप बोटं एकमेकांवर आहेत, वेगळी काढता येत नाहीत. त्यांनी हे अंक उघडलेलेच नाहीत, काका. समितीचं म्हणणं असं की गळती मान्य, पण या माणसाच्या अंगात ती गेली याचा पुरावा हवा. बरेचजण मोजे घालून बसायचे म्हणे."

मी आणि वृषाली हे भरतला सांगायला त्याच्या घरी गेलो. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, पोट फुगलेलं, हातपाय काड्या. त्याने ऐकलं आणि तो हसायला लागला. ते हसू मला सहन झालं नाही.

"बरोबर हाय की. ते व्यवस्थापनाचं कोण वाचतंय? साहेब विचारायचा, म्हणून सही ठोकायची आणि पुढं ढकलायचं. सगळेच करायचो. मी वाचायचो ते शनीचं. ते तर चार दिवस दाबून ठेवलं होतं, पुढच्यानं बोंब मारली तेव्हा दिलं. शनीचा अंक लावला न्हाई का त्यांनी?"

वृषाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मला खरं सांगायचं होतं. शपथेवर सांगतो, सांगायचं होतं. तोंडातून निघालं ते असं: "तो अंक आपल्याकडे नाही रे. त्या गोण्यांत नव्हताच. इलाहीकडे आधीच कुणीतरी नेला असेल."

"असं होय," भरत म्हणाला. बराच वेळ तो बोटांनी चादर चुरगळत बसला. गोण्या सोडल्या त्या संध्याकाळी तो अंक त्याने स्वतः हातात घेतला होता, पण आजारात त्याचं बरंच काही विसरायला होत होतं. मी त्याच्या त्या विसराळूपणाचा फायदा घेतला. आयुष्यात मी इतकं हलकं काम दुसरं केलेलं नाही.

बाहेर आल्यावर वृषाली म्हणाली, "हे तुम्हीच निस्तरायचं. मी त्याला काही सांगणार नाही. तुम्ही सांगायचं, आणि तो शुद्धीत आहे तोवर सांगायचं."

"सांगतो," मी म्हणालो.

एकतीस मार्च उलटून गेला. आठजणांना इंजेक्शनं मिळाली. त्यातले दोघे तर तीन आठवड्यांत चालायला लागले. आणि मग जे व्हायचं तेच झालं. कामगार संघटनेने माझा सत्कार ठरवला. मिरजेतला एक हॉल, मागे फलक, त्यावर माझं नाव आणि खाली 'आठ जीवांचे रक्षणकर्ते'. मी नको म्हणालो तर मला विनयशील ठरवण्यात आलं. भरत हट्टाने आला, चाकाच्या खुर्चीतून, पहिल्या रांगेत. वृषाली त्याच्या शेजारी.

शाल झाली, श्रीफळ झालं. वाचलेल्या एकाच्या आईने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. मी तिला उठवलं. मग भरतने माइक मागितला. आवाज पार खोल गेलेला, पण हॉल चिडीचूप होता.

"मला कुणी नशिबाचं सांगू नका," तो म्हणाला. "माझा आळस नडला. चार अंक हातात आले, चारीवर सही ठोकली, पान उलटलं न्हाई. एक पान जरी उलटलं असतं तरी मी ह्या आठात नववा असतो. आमच्या दाजींनी त्यांच्या परीनं सगळं केलं. रद्दी कुणी जपत न्हाई, ह्यांनी जपली. टाळ्या वाजवा."

लोकांनी वाजवल्या. त्याने स्वतःही वाजवल्या, पिवळ्या पडलेल्या हातांनी. नंतर माइक माझ्याकडे आला. वृषाली सरळ माझ्याकडे बघत होती. तिची मान अगदी किंचित हलली, आता बोला अशी. दोन-तीनशे माणसं, खांद्यावर शाल, समोर माझ्यावर विश्वास ठेवून बसलेला मरणारा माणूस. मी संघटनेचे आभार मानले. डॉ. सोहोनींचे मानले. वाचनसंस्कृतीवर चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो.

घरी आल्यावर वृषालीने शाल घडी करून कपाटात ठेवली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. जेवायला या, गोळी घेतलीत का, दाराची कडी लावा.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात भरतला इस्पितळात हलवलं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन आता थोडेच दिवस उरलेत असं सांगितलं. एका सकाळी मी गेलो तेव्हा तो थोडा तरतरीत होता. नर्सने नुकतंच तोंड पुसलं होतं, केस विंचरले होते.

"दाजी, एक मागू? तो शनीचा अंक कुठं मिळतोय का बघा. इकतच घ्या पायजे तर. एकदा बघायचाय. त्यात ती कडी कशी होती, बर्फाच्या कणांची, जवळनं काढलेली. टाकी भरून बाहेर आलो की डोकं दुखायचं, मग ते चित्र काढून बघत बसायचो. बरं वाटायचं."

"बघतो," मी म्हणालो.

मी घरी जाऊन काहीच केलं नाही. कपाटासमोर खुर्ची घेऊन बसलो. तिसऱ्या फळीवर डावीकडून सातवा, पारदर्शक पिशवीत, कोपरेसुद्धा दुमडलेले नव्हते. नेला असता तर खोटं उघडं पडलं असतं. न न्यावा तर तो बघायचा राहून गेला असता. मी जेवणाच्या वेळेपर्यंत असाच बसलो. वृषाली आली, तिने मला बाजूला सरकवलं, कपाट उघडलं, अंक बरोबर हुडकून काढला, पिशवी फाडून फेकली आणि तो काखेत मारून चप्पल घातली. मी मागोमाग धावलो.

इस्पितळात तिने तो अंक भरतच्या मांडीवर ठेवला आणि ती पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. "घे," ती म्हणाली. "कुठून आला ते तुझे दाजी सांगतील."

भरतचा चेहरा उजळला. त्याने अंक उघडला. मधल्या पानापर्यंत जायला त्याला वेळ लागला, बोटांत ताकद नव्हती. मग तो कड्यांच्या चित्रावर थांबला. त्याने तळहात त्यावरून फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, काहीतरी शोधत असल्यासारखा.

"हा आमचा न्हवं," तो म्हणाला.

वृषालीने पुढे वाकून पान पाहिलं.

"आमच्यावर हितं चहाचा डाग होता. माझ्याच हातनं सांडलेला. ह्या कडीवर, एवढा, रुपयाएवढा. मी लई पुसला होता पण गेला न्हवता." त्याने वर बघितलं. "हा कुणाचा तरी चांगला ठेवलेला हाय. आमचा गावला असता तर दाजी, वाचलो असतो मी. न्हाई?"

तो डाग काढायला मला चार दुपारी लागल्या होत्या. टीपकागदाचे अकरा थर आणि शेवटी स्पिरिटमध्ये लिंबाचे दोन थेंब. डाग निघाला तेव्हा मी वृषालीला हाक मारून दाखवलं होतं.

वृषाली माझ्याकडे बघत होती. भरतही बघत होता.

"हो," मी म्हणालो. "हा दुसऱ्याचा आहे. नागपूरच्या एका संग्राहकाकडून मागवला."

वृषाली खोलीबाहेर निघून गेली. भरतने माझा हात धरला, थोडा दाबला. "त्यास्नी धन्यवाद सांगा," तो म्हणाला आणि पुढचं पान उलटायला लागला.